चुलीचं धुराडं: पाईप बसवणं, पक्कं करणं आणि सांभाळणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गॅस आला तरी चूल काही गेलेली नाही. ज्वारीची भाकरी, आंघोळीचं पाणी, पाहुण्यांचा स्वयंपाक आजही तिच्यावरच होतो. लातूर, बीड, परभणी, नांदेड, धाराशिवकडून धुराड्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. माप फूट, इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दिलं आहे, कारण दुकानात आणि वेल्डिंगवाल्याकडे तेच चालतं.

१. घरच्या चुलीला किती इंची पाईप लागतो?

एक चूल आणि एक वैल (चुलीला जोडलेलं बाजूचं दुसरं तोंड) असेल, जळण बाभळीचं किंवा बोरीचं असेल, तर ३ इंची चालतो. पण आपल्याकडे निम्मं वर्ष तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीची आणि कापसाची वाळकी झाडं) जळतात. त्या भडकन पेटतात, एकदम ज्वाळ आणि धूर सोडतात, आणि ३ इंची पाईप गुदमरतो. म्हणून सरळ ४ इंची घ्या. एका इंचाचा फरक छोटा वाटतो, पण धुराला मिळणारी जागा पाऊणपटीपेक्षा जास्त वाढते. आचाऱ्याच्या मोठ्या भट्टीला ६ इंची लागतो. तयार लोखंडी स्टोव्ह आणला असेल तर त्याच्या मागच्या तोंडाचं माप तेच पाईपचं माप. तिथून पुढे पाईप बारीक करायचा नाही.

२. बोअरचा पीव्हीसी पाईप घरात पडून आहे. तो लावला तर?

नाही. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि चुलीतून निघणारा धूर त्याच्या दुप्पट-तिप्पट तापलेला असतो. आधी पाईप वाकतो, मग करपतो, आणि त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा घातक असतो. वरच्या टोकाला "तिथे कुठं तापतंय" म्हणून लावलेला तुकडासुद्धा एका जोरदार जाळात खाली लोंबतो.

३. मग कोणता घ्यावा? लोखंडी, जीआय, सिमेंटचा की स्टीलचा?

एकच पाईप वरपासून खालपर्यंत लावायचा हट्ट नको. खालचे ३ फूट २ मिलिमीटर जाडीचा काळा लोखंडी पाईप लावा, त्यावर २४ गेज जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा गोल केलेला पाईप. चुलीच्या तोंडाशी पातळ जीआय लावला तर दोन गोष्टी होतात. जोराच्या जाळानं जस्ताचा थर उडतो, आणि राख व ओल्या मातीच्या संगतीत उरलेलं जस्त खाल्लं जातं. वरचा पाईप नवाकोरा आणि खालचा वीतभर चाळणी झालेला, हे दृश्य सगळीकडे दिसतं. म्हणून खालचा तुकडा वेगळा बदलता येईल असाच ठेवा.

सिमेंटचा जुना पाईप असेल तर त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. न तुटलेला आहे तोवर त्याला हात लावू नका. कापायचाच झाला तर पूर्ण ओला करून हातकरवतीनं कापा, ग्राइंडर लावू नका. त्याची उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

कुंभाराकडून भाजलेले नळे मिळत असतील तर ते उष्णतेला उत्तम, पण सांधे फार आणि धक्क्याला नाजूक. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील सगळ्यांत टिकाऊ आणि महाग. जुन्या वाड्याच्या धुराड्यात आत सोडायला मात्र तेच घ्यावं (प्रश्न ११).

४. छपरावर किती उंच काढायचा?

जिथून छपराबाहेर येतो तिथून किमान ३ फूट. शिवाय १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, म्हणजे कठडा, पाण्याची टाकी, शेजारची भिंत, त्याच्यापेक्षा २ फूट वर. चुलीपासून टोकापर्यंत एकूण १० फूट तरी सरळ चढ मिळाला पाहिजे. शेजाऱ्याचं घर दुमजली असेल आणि तुमचं टोक त्याच्या भिंतीला खेटून असेल, तर वारा त्या भिंतीवर आदळून खाली येतो आणि धूर पाईपमध्ये उलटा ढकलतो. अशा वेळी ४ फूट उंची वाढवण्यापेक्षा पाईप घराच्या दुसऱ्या बाजूनं काढणं स्वस्त पडतं.

५. सिमेंट लावून एकदम पक्का केला, तरी दर वर्षी भेग पडते. का?

निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून सविस्तर.

तापला की पाईप वाढतो. १३ फुटी लोखंडी पाईप २०० अंशांनी तापला तर जवळपास १ सेंटिमीटर लांब होतो, स्टेनलेस त्याच्या दीडपट. दिवसातून दोनदा वाढणं आणि दोनदा आकसणं. अशा पाईपला खाली चुलीत सिमेंट, मध्ये भिंतीत सिमेंट आणि वर स्लॅबमध्ये सिमेंट भरलं तर तो जाणार कुठे? एक तर सिमेंट फुटतं, नाही तर पाईपचा सांधा उघडतो. भेग बुजवून पुन्हा सिमेंट भरलं की पुढच्या वर्षी ती शेजारी पडते.

नियम एकच: एका जागी घट्ट, बाकी सगळीकडे सैल. वजन एका मजबूत कंसावर घ्या. भिंतीत दोन बोल्टनी बसवलेला अँगलचा कंस, जमिनीपासून ४ फुटांवर. तिथे पाईपला पट्टा आवळा. त्याच्या वरचे सगळे पट्टे पाईपला धरतील पण आवळणार नाहीत, एक सूत मोकळे राहतील. छपरातून जाताना पाईपभोवती फट राहील आणि ती फट वरून टोपडं झाकेल (प्रश्न ८ आणि १०). चुलीशी जोड मातीचा, सिमेंटचा नाही.

पाईपचं वजन चुलीवर टेकवू नका हे त्याच्याच पोटातलं. २ मिलिमीटरचा ४ इंची पाईप मीटरला सुमारे ५ किलो भरतो. काळ्या रानातल्या घरात पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, चुलीचा ओटा त्याबरोबर वर-खाली होतो. पाईप कंसावर असेल तर फक्त मातीचा जोड तडकतो, आणि तो पाच मिनिटांत लिंपता येतो.

६. जोडाला कोणती माती वापरावी?

काळी माती अजिबात नको, वाळली की पायाच्या टाचेसारखी भेगाळते. पांढरी माती किंवा वारुळाची माती दोन भाग, चाळलेली राख एक भाग, मूठभर बारीक भुसा. रात्रभर भिजवून, मळून, बोटभर जाड थर. वाळताना केसासारख्या भेगा पडल्या तर त्याच मातीच्या पातळ काल्याचा हात फिरवा. काही जण घट्ट व्हावी म्हणून मीठ घालतात. मिठानं पाईप गंजतो, घालू नका. एम-सील आणि साधं सिलिकॉन चुलीजवळ टिकत नाही.

७. दोन पाईप जोडताना वरचा आत जातो की बाहेर?

वरचा पाईप खालच्याच्या आत. पावसाच्या पन्हाळीत हेच असतं, तरी पुष्कळ कारागीर धुराच्या पाईपला नेमकं उलटं करतात, कारण "धूर खालून वर जातो, मग तो सांध्यातून निसटेल" असं वाटतं. चांगल्या ओढीच्या पाईपमध्ये धूर सांध्यातून बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. निसटतो तो आतून ओघळणारा काळा चिकट रस. ओली लाकडं जाळली की तो होतोच. सांधा उलटा असेल तर हा रस भिंतीवर उतरतो, आणि तो डाग चुन्याच्या तीन हातांनीही झाकत नाही.

सांधा दोन इंच एकात एक, गोलाकार तीन स्क्रू सारख्या अंतरावर. रिव्हेट मारली तर साफसफाईला पाईप उघडता येत नाही. छपराच्या वरचा भाग एकाच तुकड्याचा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यातून आत जाण्याचा प्रश्नच राहत नाही.

८. पत्र्याचं घर आहे. भोक कुठे आणि कसं पाडावं?

नाळीच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. खळग्यातून छपराचं सगळं पाणी वाहतं. भोक पाईपपेक्षा दोन इंच मोठं. त्यावर पत्र्याचं टोपडं बसवायचं: चौकोनी पत्रा, मध्ये उभा गळा. या चौकोनाची वरची कड वरच्या पत्र्याच्या खाली सरकवायची आणि खालची कड खालच्या पत्र्याच्या वर यायची. चारही कडा वरूनच चिकटवल्या तर डांबरपट्टी एक उन्हाळा काढते, दुसऱ्या मृगात गळते. गळ्याच्या वर पाईपलाच एक छोटी छत्री आवळा, म्हणजे पाईप वर-खाली झाला तरी फट झाकलेली राहते.

छपराखाली लाकडी वासा किंवा बल्ली असेल तर तिच्यापासून उघडा पाईप दीड फूट दूर हवा. सिमेंटच्या पत्र्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. त्यावर पाय देणंही धोक्याचं आहे. पाईप भिंतीतून काढा.

९. आमचं माळवद (लाकडावर मातीचं छत) आहे. छतातून पाईप काढता येईल का?

येईल, पण आधी खाली उभं राहून वर बघा. तुळई (मुख्य जाड लाकूड) कुठे, तिच्यावरचे सर (आडवे वासे) कुठे, त्यावर किलच्या (बारीक फळकुटं) कशा अंथरल्यात. तुळई आणि सर कापायचा नाही, कोणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी. ४ इंची पाईपला लाकडापासून चारी बाजूंनी ६ इंच अंतर सोडून, मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली न जळणारी लोकर) भरलेली पत्र्याची बाही बसवायची म्हटलं तर भोक १६ इंचांचं होतं. दोन सरांमध्ये तेवढी जागा बहुतेक माळवदांत नसते.

बऱ्याचदा मार्ग आधीच तयार असतो: सानं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक. ते चुलीच्या जवळपास असेल आणि कडेचं लाकूड वर सांगितलेल्या अंतरावर असेल, तर पाईप तिथून काढा. सान्याच्या काठावर मातीचा वीतभर उंच बांध घाला, त्यावर पत्र्याचं टोपडं. काठाची पांढरी माती दर वर्षी टाकता तशी टाकत राहा, पण पाईपला चिकटू देऊ नका.

सानं नसेल तर भिंतीतून. दोन फुटी दगड-मातीच्या भिंतीत एक दगड काढला की वाट होते.

माळवदावर विटांचं धुराडं बांधू नका. दीड फूट रुंद, चार फूट उंच एवढंसं धुराडंही ३०० किलोंच्या वर जातं. जुन्या तुळईला तो भार नको. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात माणसं कशाखाली सापडली ते या भागाला सांगायला नको.

एक अवांतर गोष्ट. धुरानं माळवदाच्या लाकडाला कीड लागत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. ते खोटं नाही. धूर बाहेर गेल्यावर वर्षातून एकदा तुळईची टोकं वाळवीसाठी तपासा.

१०. स्लॅबमधून काढायचा आहे. पाणी गळणार नाही ना?

छिन्नी-हातोड्यानं फोडलं तर गळेल. कोअर कटिंगवाल्याकडून ६ इंची भोक पाडून घ्या. आधी सळया कुठे आहेत ते बघा, तुळईजवळ भोक नको. भोकात ६ इंची लोखंडी बाही बसवा, जी स्लॅबच्या वर ४ इंच उभी राहील. बाहीभोवती सिमेंटचा उतार करा. पाईप या बाहीतून मोकळा जाईल, मधली फट रॉकवूलनं सैल भरा, वर छत्री. सिमेंट बाहीला लागतं, पाईपला नाही.

११. वाड्यात विटांचं जुनं धुराडं आहे. धूर मागच्या खोलीत झिरपतो. आत पाईप सोडता येतो का?

हाच खरा उपाय. यालाच लाइनर म्हणतात. जुनं धुराडं आतून ९ बाय ९ इंच असतं, म्हणजे ६ इंची पाईपच्या जवळपास तिप्पट जागा. एवढ्या पोकळीत धूर थंड होतो, रेंगाळतो, आणि चुना झडलेल्या विटांमधून वाट काढतो.

क्रम असा:

आधी पूर्ण साफसफाई. पारव्यांची घरटी, गांधीलमाशांची पोळी, जुनी काजळी, सगळं. काजळी ठेवून पाईप सोडला तर पाईपच्या उष्णतेनं ती बाहेरच्या बाजूनं पेटू शकते, आणि तिथे हात पोचत नाही.

मग दोरीला दगड बांधून खोली मोजा, त्यात एक फूट मिळवा. पाईपपेक्षा एक इंच जाड असा पत्र्याचा फूटभर तुकडा दोरीनं वरून खालपर्यंत सोडून बघा. तो अडकला तर पाईप नक्की अडकणार. वाड्यांच्या धुराड्यात मध्येच एक सुटलेली वीट पुढे आलेली असते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धुराडं सरळ असेल तर स्टेनलेसचे सरळ तुकडे, वाकडं असेल तर लवचीक स्टेनलेस पाईप. दोन माणसं वर, एक खाली. खालच्या टोकाला पत्र्याची निमुळती टोपी चढवून तिला दोरी बांधा. वरचे सोडतात, खालचा दोरी ओढून वाट दाखवतो. वरून ढकलायचं नाही, लवचीक पाईप चेपला की तिथे कायमची काजळी धरते.

खाली टी-तुकडा बसवा: आडव्या तोंडाला चूल, खालच्या तोंडाला उघडता येणारं झाकण. काजळी या झाकणात पडते. झाकण नसलेला लाइनर वर्षभरात बुजतो.

आता वजन. सरळ पाईप खालून कंसावर टेकतो आणि वर मोकळा राहतो. लवचीक पाईप वरच्या पत्र्याच्या ताटलीला पट्ट्यानं टांगला जातो आणि टी-तुकडा खाली मोकळा लोंबतो. दोन्हीकडे आवळायचा नाही, कारण प्रश्न ५.

विटा आणि पाईपमधली पोकळी वाळूनं, राखेनं किंवा भुशानं भरू नका. वाळू भेगांतून गळत राहते, राख ओल धरून पाईप खाते, भुसा पेटतो. खालचं तोंड रॉकवूलनं बंद करा, वरचं ताटलीनं. मधली थांबलेली हवा पाईपला पुरेशी ऊब देते.

१२. भूकंपानंतर बांधलेल्या घराच्या भिंतीला भोक पाडलं तर चालेल का?

दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा असतो. घर हलताना भिंतींना एकत्र धरून ठेवण्याचं काम तो करतो. त्यात भोक नको, त्यातली सळई तर कापूच नका. पाईप पट्ट्याच्या खालून, कोपऱ्यापासून दोन फूट सोडून काढा. भिंतीतून जाताना बाहेरच्या बाजूला चढ हवा, आडवा तुकडा दोन फुटांपेक्षा लांब नको. काटकोनी वळण एक घेण्याऐवजी तिरकी दोन घ्या.

१३. वावटळीत पाईप डोलतो. तारा किती लावाव्यात?

छपराच्या वर ५ फुटांपेक्षा जास्त असेल तर तीन तारा, सारख्या कोनात, ३ मिलिमीटरच्या जीआय. वरच्या भागाच्या दोन तृतीयांश उंचीवर एक सैल कडं, त्याला तारा. पाईपभोवती नुसती तार गुंडाळली की पहिल्याच अवकाळी वाऱ्यात ती पत्रा कापते. विजेच्या खांबाला, डिशच्या दांड्याला तार बांधू नका. वरून विजेची तार जात असेल तर पाईपची जागाच बदला.

१४. नवा पाईप लावला, तरी धूर घरातच. कुठे चुकलं?

अगरबत्ती पेटवून प्रत्येक सांध्याजवळ आणि चुलीच्या तोंडाशी धरा. चूल पेटलेली असताना अगरबत्तीचा धूर आत ओढला गेला पाहिजे. जिथे बाहेर फुंकला जातो तिथे अडथळा त्याच्या वर आहे.

सगळ्यांत जास्त सापडणारी कारणं: टोपी पाईपच्या तोंडाला टेकलेली (४ इंची पाईपला ४ इंच मोकळं अंतर हवं), टोपीखाली चिमण्या आत येऊ नयेत म्हणून लावलेली बारीक जाळी काजळीनं बुजलेली (अर्ध्या इंचापेक्षा बारीक नको), आणि वैलावर भांडं नसणं. वैल उघडा असला की पाईप धुराऐवजी खोलीतली हवा ओढतो. भांडं नसेल तेव्हा त्यावर तवा पालथा घाला.

१५. थंडीत छान ओढतो, मे महिन्यात का नाही?

धूर वर जातो तो बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो म्हणून. बाहेर १० अंश असताना जी ओढ मिळते, ती ४२ अंशांत तेवढ्याच पाईपला जवळपास एक तृतीयांशानं घटते. दुपारी उन्हानं पाईप तापतो ती मदत होते, पण पहाटे तो थंड असतो. चूल पेटवण्याआधी टी-तुकड्याच्या (प्रश्न ११) झाकणाशी मूठभर वाळका पाचोळा जाळा. पाईप गरम झाला की ओढ सुरू होते. उंची २ फूट वाढवणं हा कायमचा इलाज.

१६. किती दिवसांनी साफ करावा?

वाळकी लाकडं असतील तर दोन महिन्यांनी, गोवऱ्या आणि ओल्या पऱ्हाट्या असतील तर महिन्याला. मृग निघायच्या आधी एकदा न चुकता. गोणपाटाचा घट्ट बोळा, त्यात दगड, दोन्ही बाजूंना दोरी, वरून खाली आणि खालून वर चार वेळा. थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ठीक. काचेसारखा चकचकीत आणि चिकट असेल तर जळण ओलं आहे, आणि पुढचा प्रश्न वाचून ठेवा.

१७. पाईपमधून घूं-घूं आवाज येतोय आणि वर ज्वाळ दिसतेय!

आतली काजळी पेटली आहे. पाईपमध्ये पाणी ओतू नका, वाफेचा भपका तोंडावर येतो आणि तापलेला पाईप फाटतो. चुलीचं तोंड आणि वैल तवा, परात किंवा ओल्या पोत्यानं बंद करा. हवा तुटली की आग विझते. माणसं-जनावरं बाहेर काढा, १०१ किंवा ११२ला फोन करा, छपरावर नजर ठेवा. नंतर पाईप उतरवून तपासल्याशिवाय चूल पेटवू नका.

१८. चूल आणि पाण्याचा बंब एकाच पाईपला जोडले तर?

नको. एक जाळ, एक पाईप. बंब थंड असताना चुलीचा धूर त्यातून न्हाणीघरात उतरतो. गॅस गीझरचा पाईप तर यात कधीच सोडू नका. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर चूल पेटलेली असताना खिडकी उघडी ठेवा, नाही तर फॅन पाईपमधूनच हवा खेचतो, धुरासकट.

१९. पाचटाच्या छपरातून पाईप नेता येतो का?

कितीही बाही लावली तरी नाही. चूल भिंतीच्या कडेला घ्या, पाईप बाहेर काढून छपरापासून दीड फूट लांबून वर न्या.

२०. ठिणगी उडून कडब्याची गंजी पेटेल, अशी भीती वाटते.

रास्त आहे. तुराट्यांच्या ठिणग्या हलक्या असतात, लांब जातात. टोपीखाली अर्ध्या इंचाची जाळी लावा, महिन्याला झटका. पावसाळ्याआधीचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा गंजी धुराड्याच्या पूर्वेला रचू नका. जागाच नसेल तर वारं सुटलेल्या दुपारी तुराट्या न लावता बाभळीचं लाकूड लावा.

२१. रात्री ऊब राहावी म्हणून पाईपला झडप बसवून बंद केली तर चालेल का?

निखारे असताना झडप बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नाही, धूर दिसत नाही, झोपलेला माणूस उठत नाही. आधीपासून झडप असेल तर तिला रुपयाएवढं भोक पाडून घेण्यावर भागवू नका, काढूनच टाका. निखारे राखेखाली झाका, पाईप उघडा राहू द्या.